गृहनिर्माण संस्थांच्या घसरड्या जिन्यांविषयी व्यवस्थापन समित्यांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य,
महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्था

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी मार्च महिन्यात मुद्दाम लिहीत आहे, कारण ज्या कामासाठी ते लिहिले आहे ते काम पावसाळा सुरू झाल्यावर नीट करता येत नाही. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला आणि प्रवेशद्वाराजवळच्या रॅम्पवर घसरण रोखणारी खरखरीत चिकटपट्टी, म्हणजे दुकानात ‘अँटी-स्किड टेप’ या नावाने मिळणारी पट्टी, येत्या जूनपूर्वी लावून घ्यावी, एवढीच माझी मागणी आहे. मागणी लहान असली तरी ती का करते आणि काम कसे झाले तर टिकते, हे सविस्तर सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दोन वर्षांपूर्वी जुलैमधल्या एका सकाळी माझी आई आमच्या इमारतीच्या जिन्यावर, तळमजल्यापासून वरच्या तिसऱ्या पायरीवरून घसरली. तिचे वय तेव्हा 74 होते. आमची इमारत तळमजला अधिक चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. छत्र्यांचे पाणी निथळून खालच्या पायऱ्या ओल्या झाल्या होत्या. तिच्या पायात रबरी चप्पल होती आणि रोजच्या वापराने तिचा तळ गुळगुळीत झालेला होता. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया करावी लागली, आणि ती पुन्हा स्वतःच्या पायांनी जिना उतरली तेव्हा पाच महिने होऊन गेले होते. त्या पाच महिन्यांत भेटायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने एकच वाक्य म्हटले: “सांभाळून चालायला हवं होतं.” आईही तेच म्हणत राहिली. “माझंच लक्ष नव्हतं गं.” पायरीबद्दल कोणी काही बोलले नाही.

पडणाऱ्याला दोष देण्याची ही सवय आपल्याकडे इतकी मुरलेली आहे, की आधी तिच्याविषयीच बोलायला हवे. तीच आई त्याच जिन्यावरून बावीस वर्षे चढ-उतार करत होती आणि कधी घसरली नव्हती. बदलला होता तो जिना. आमच्या जिन्याला पूर्वी मोझॅकच्या पायऱ्या होत्या आणि प्रत्येक पायरीच्या कडेला दोन-तीन आडव्या खाचा होत्या, जशा जुन्या इमारतींत आजही दिसतात. त्या खाचा शोभेसाठी नव्हत्या. पाण्याला वाट देणे आणि पावलाला अडवणे हे त्यांचे काम होते, आणि त्या काळच्या गवंड्यांना ते ठाऊक होते. आईच्या अपघाताआधी चार वर्षे आमच्या संस्थेने जिन्याचे नूतनीकरण केले आणि त्या पायऱ्यांवर आरशासारखा चकाकणारा, पॉलिश केलेला ग्रॅनाइट बसवला. ठराव एकमताने झाला आणि माझेही मत त्याच्या बाजूने होते. नव्या जिन्याचे फोटो आम्ही सर्वांनी नातेवाइकांना पाठवले. कडेच्या खाचांचा प्रश्न त्या सभेत कोणाच्याही मनात आला नाही. पुनर्विकासात उभ्या राहणाऱ्या नव्या इमारतींतही हेच घडताना मी पाहते: जिन्याला चकचकीत ग्रॅनाइट, प्रवेशद्वारापाशी गुळगुळीत व्हिट्रिफाइड लाद्या आणि रॅम्पवर उरलीसुरली कोटा फरशी.

गुळगुळीत दगड कोरडा असताना फारसा धोकादायक नसतो. त्याच्यावर पाणी आले की चपलेचा तळ आणि दगड यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो, त्याला बाहेर पडायला वाट नसते, आणि रबर दगडाला धरण्याऐवजी त्या थरावर तरंगते. झिजलेल्या चपलेच्या तळाला नक्षी उरलेली नसल्यामुळे तिकडूनही वाट मिळत नाही. खरखरीत पट्टीवरचे दाणे या थरातून वर डोके काढतात आणि चपलेला थेट टेकतात. या पट्टीचे काम एवढेच असते, पण तेवढे पुरेसे असते.

पट्टी कुठे हवी, हे चढणाऱ्याकडे पाहून कळणार नाही, उतरणाऱ्याकडे पाहावे लागेल. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार निवासी इमारतीतील पायरीची रुंदी किमान 250 मिलिमीटर असावी लागते आणि बहुतेक बांधकामे त्या किमान मापापाशीच थांबतात. मोठ्या माणसाची चप्पल सहज 27-28 सेंटिमीटर लांब असते. म्हणजे उतरताना संपूर्ण पाऊल पायरीवर मावतच नाही आणि शरीराचा भार चवड्यावर, पायरीच्या अगदी कडेला पडतो. चढताना पाय सटकला तर माणूस पुढे पडतो आणि हात टेकवू शकतो. उतरताना सटकला तर तो पाठीवर किंवा कमरेवर आपटतो आणि पुढच्या पायऱ्याही त्याला लागतातच. म्हणून पट्टी पायरीच्या मध्यभागी लावून उपयोग नाही. ती कडेपासून साधारण एक सेंटिमीटर आत, कडेला समांतर आणि पायरीच्या जवळजवळ पूर्ण लांबीची हवी. कडेवरून खाली दुमडून लावली तर चपलेच्या टोकाने ती काही आठवड्यांत उचकटते.

या गोष्टी मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. आईच्या अपघातानंतर आमच्या संस्थेने पट्ट्या लावल्या, पण पहिल्यांदा लावल्या त्या बाराव्या दिवशी निघाल्या. ऑगस्टचा महिना होता, दगड आतून ओलसर होता, फरशी फिनेलने पुसून अर्ध्या तासात बाजारातली सर्वांत स्वस्त टेप चिकटवली आणि लगेच जिना खुला केला. कोपरे उचलले गेले, मग सफाईच्या वेळी पोछ्याचे धागे त्यांत अडकून पट्ट्या ओढल्या गेल्या आणि अर्धवट लोंबणाऱ्या पट्टीत एका लहान मुलाचा पाय अडकला. सुदैवाने त्याला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. पण “ही टेप टिकत नाही” हे मत संस्थेत पक्के झाले आणि ते खोडून काढायला आम्हाला पुढचा एप्रिल उजाडावा लागला. सुटलेली पट्टी ही पट्टी नसण्यापेक्षा वाईट, हे मला तेव्हा पटले. त्यामुळे काम घाईने उरकण्याऐवजी ते थोडे उशिरा पण नीट झालेले बरे, असे मी प्रत्येक समितीला आधी सांगते आणि मगच पुढचे बोलते.

या पट्टीत प्लास्टिकच्या मजबूत फिल्मवर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे किंवा सिलिकॉन कार्बाइडचे कठीण दाणे बसवलेले असतात आणि खालच्या बाजूला दाबाने चिकटणारा गोंद असतो. हा गोंद दगडाला धरतो, दगडावरच्या धुळीला, मेणाला किंवा तेलाला धरत नाही, आणि बहुतेक अपयश इथेच येते. ग्रॅनाइटवर मेणाच्या पॉलिशचा थर असू शकतो, कोटा आणि कडप्पा ओल शोषतात, आणि आपल्या पायऱ्यांवर दिवाळीच्या पणत्यांचे तेल वर्षानुवर्षे मुरलेले असते. म्हणून पायरी आधी साबणाच्या पाण्याने आणि कडक ब्रशने घासून स्वच्छ धुवावी, एक-दोन दिवस पूर्ण सुकू द्यावी, मग थिनर किंवा स्पिरिट लावलेल्या स्वच्छ कापडाने कडेचा भाग पुसावा. ओल शोषणाऱ्या दगडावर पट्टीआधी लावायचा प्रायमर लावल्याशिवाय काम करू नये. पट्टीचे चारही कोपरे कात्रीने गोल कापावेत, कारण काटकोनी कोपरा सर्वांत आधी उचलला जातो. मागचा कागद एकदम न काढता थोडा थोडा काढत पट्टी बसवावी आणि रबरी रोलरने पूर्ण दाब द्यावा, नुसता हात फिरवून भागत नाही. पायऱ्या उघड्यावर असतील किंवा रोज धुतल्या जात असतील, तर पट्टीच्या कडा सीलंटने बंद कराव्यात. त्यानंतर गोंदाला धरायला किमान 24 तास मिळाले पाहिजेत.

हे 24 तास मिळणार कसे, हा एकच जिना असलेल्या इमारतीचा खरा प्रश्न आहे. आम्ही त्यावर काढलेला मार्ग कोणालाही वापरता येईल. प्रत्येक पायरीची पट्टी दोन तुकड्यांत कापली, पहिल्या दिवशी सर्व पायऱ्यांचा कठड्याकडचा अर्धा भाग केला, मध्ये दोरी बांधून रहिवाशांना भिंतीच्या बाजूने ये-जा करायला सांगितले, आणि दोन दिवसांनी बाजू बदलली. ज्येष्ठांना त्या काळात कठड्याचा आधार मिळणार नव्हता, म्हणून सोसायटीतील तरुण मुलांनी पाळ्या लावून त्यांना हात दिला. एकाआड एक पायऱ्या करण्याची सूचनाही आली होती, ती आम्ही नाकारली आणि इतरांनीही नाकारावी. जिना उतरताना पाऊल आधीच्या पायरीच्या अनुभवावर पुढची पायरी गृहीत धरते. एक पायरी धरणारी आणि पुढची सटकणारी असेल तर ती फसगत सगळ्या पायऱ्या गुळगुळीत असण्याइतकीच घातक ठरू शकते. याच कारणाने मजल्याच्या चौकाची, म्हणजे जिना जिथून सुरू होतो त्या सपाट जागेची, कड विसरू नये. उतरताना पहिला पाय तिथूनच सुटतो, पण ती ‘पायरी’ वाटत नसल्यामुळे बहुतेक ठिकाणी ती कोरीच राहते.

दाण्यांचा नंबर पॉलिश पेपरसारखाच असतो, म्हणजे नंबर जितका लहान तितके दाणे मोठे. चपला-बुटांनी वापरल्या जाणाऱ्या जिन्याला 60 नंबरची पट्टी योग्य असते. पण आपल्या इमारतींत अनवाणी चालण्याचे प्रसंगही असतात. शेजारच्या घरी जाताना, मजल्यावरच्या देवापाशी दिवा लावताना, आणि मुख्य म्हणजे गणपती नेताना. आपला गणेशोत्सव बहुधा पावसातच येतो. विसर्जनाला निघालेली माणसे अनवाणी असतात, दोन्ही हातांत मूर्ती असते, नजर मूर्तीवर असते आणि कठडा धरायला हात मोकळा नसतो. त्या दिवशी जिन्यावर पाणी, गुलाल आणि तांदळाच्या अक्षता सगळेच सांडलेले असते. ज्या मजल्यांवर अनवाणी वावर जास्त असेल तिथे 80 नंबरची बारीक दाण्यांची किंवा दाणे नसलेली, रबरासारख्या खडबडीत पृष्ठभागाची पट्टी घ्यावी. मंदिरे आणि मंगल कार्यालये यांच्या व्यवस्थापनांनाही मी हेच सुचवीन, कारण तिथे मोठ्या दाण्यांची पट्टी पायांना बोचते आणि मग भाविक ती टाळून कडेने चालू लागतात. रांगोळीचाही एक उल्लेख करते. रांगोळी ही दगडाची भुकटी असते आणि गुळगुळीत लादीवर सांडली की पावलाखाली बारीक गोळ्यांसारखी फिरते. ती पायरीच्या कडेपासून दूर, भिंतीलगत काढली तर सणाचे काहीच बिघडत नाही.

रंगाविषयी आमच्याकडे सर्वांत जास्त वाद झाला. काहींना काळ्या ग्रॅनाइटवर पिवळी पट्टी ‘कारखान्यासारखी’ वाटली. त्यांचे सौंदर्याचे मत मला समजते, आणि पारदर्शक पट्टीही बाजारात मिळते. पण मोतीबिंदू असलेल्या किंवा जाड भिंगाचा चष्मा लावणाऱ्या माणसाला एकाच रंगाच्या सलग दगडावर पायरी कुठे संपते हेच दिसत नाही. पट्टीचे अर्धे काम पावलासाठी असते आणि अर्धे डोळ्यांसाठी. म्हणून काळ्या दगडावर पिवळी आणि फिक्या दगडावर काळी पट्टीच लावावी, असे माझे ठाम मत आहे. वीज वारंवार जाते अशा गावांत अंधारात चमकणाऱ्या पट्टीचाही विचार व्हावा.

रॅम्पचा विचार जिन्यापेक्षा वेगळा करावा लागतो. इथे पट्ट्या चालण्याच्या दिशेला आडव्या लावतात आणि दोन पट्ट्यांमध्ये चार-सहा बोटांचे अंतर ठेवतात, म्हणजे पाणी साचत नाही. पण पट्टी लावल्याने चुकीचा रॅम्प बरोबर होत नाही. केंद्र सरकारच्या 2021 च्या सुगम्यता मार्गदर्शक सूचनांनुसार रॅम्पचा उतार 1:12 पेक्षा तीव्र नसावा. म्हणजे प्रवेशद्वाराच्या तीन पायऱ्यांची उंची 45 सेंटिमीटर असेल तर रॅम्पची लांबी किमान 5.4 मीटर हवी. आपल्याकडे तेवढ्याच उंचीसाठी जेमतेम दीड मीटरचा उतार बांधलेला दिसतो. व्हीलचेअर ढकलणाऱ्याला तो चढवत नाही आणि वॉकर घेतलेल्याला उतरवत नाही. तिथे रॅम्पच नव्याने बांधावा लागेल, आणि तोपर्यंत किमान दोन्ही बाजूंना कठडे लावावेत. वाहनतळाच्या रॅम्पवर मात्र चिकटपट्टीचा आग्रह धरू नये. वळणाऱ्या टायरखाली ती टिकत नाही. तिथे काँक्रीटमध्येच माशाच्या काट्यासारख्या तिरप्या खाचा हव्यात, किंवा ओल्या काँक्रीटवर खराटा ओढून पृष्ठभाग खरखरीत केलेला हवा.

आता खर्च आणि अधिकार यांविषयी, कारण प्रत्येक समितीत पहिला प्रश्न तोच येतो. तीन मीटर उंचीच्या मजल्याला 15 सेंटिमीटर उंचीच्या 20 पायऱ्या लागतात. तळमजला अधिक चार मजले म्हणजे चार टप्पे, एकूण 80 पायऱ्या. प्रत्येक पायरीला 90 सेंटिमीटर पट्टी धरली तर 72 मीटर होतात. दोन इंची पट्टीचा रोल साधारण 18 मीटरचा येतो. म्हणजे संपूर्ण इमारतीचा जिना चार रोलांत होतो, सांडलवंडीसाठी पाचवा घ्यावा. आदर्श उपविधींनुसार जिन्याची देखभाल-दुरुस्ती ही संस्थेची जबाबदारी आहे आणि दुरुस्ती-देखभाल निधी त्यासाठीच सभासदांकडून घेतला जातो. पाच रोल, प्रायमर, सीलंट आणि दोन कामगारांची मजुरी हा खर्च समितीला असलेल्या खर्चमर्यादेत बसण्यासारखा आहे.

“वार्षिक सभेत विषय घेऊ” हे उत्तर कृपा करून देऊ नका. आपली वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते आणि बहुतेक संस्था ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच घेतात. तोपर्यंत सगळा पावसाळा त्याच पायऱ्यांवरून निघून गेलेला असतो. समितीची सभा मात्र दरमहा होते, आणि एप्रिलची सभा अजून व्हायची आहे.

पट्टी लावल्यानंतरचे काम थोडे आहे, पण ते कोणाच्या तरी नावावर असले पाहिजे. आमच्याकडे पहारेकरी महिन्यातून एकदा प्रत्येक पायरी पाहतात आणि उचललेला कोपरा दिसला की वहीत नोंद करतात. त्या पट्टीवर नवी चिकटवत नाही. जुनी हेअर ड्रायरने गरम करून पूर्ण काढतो आणि मग नवी लावतो. मधल्या भागातले दाणे झिजून पट्टी बोटाला गुळगुळीत लागली की ती बदलण्याची वेळ आली असे समजावे. खालच्या दोन मजल्यांच्या पट्ट्या वरच्यांच्या आधी झिजतात. सफाई करणाऱ्या ताईंना आम्ही पोछ्याऐवजी पट्टीपुरता कडक ब्रश दिला, कारण दाण्यांत बसलेली माती पोछ्याने निघत नाही, उलट पोछाच फाटतो. हे आधी त्यांना विचारून ठरवायला हवे होते, असे आता वाटते. पट्ट्या कुठे सुटू लागल्या आहेत हे त्यांनाच सर्वांत आधी दिसत होते.

पट्टीने सगळे प्रश्न सुटत नाहीत, हेही स्पष्टपणे लिहिणे माझे कर्तव्य आहे. पायऱ्यांची उंची कमी-जास्त असेल, जिन्यातला दिवा महिनोन्महिने बंद असेल, कठडा हलत असेल किंवा गच्चीकडच्या पायऱ्यांवर शेवाळ असेल, तर आधी ते दुरुस्त करावे लागेल. शेवाळावर चिकटवलेली पट्टी शेवाळासकट निघते. जुन्या चाळींच्या लाकडी जिन्यांच्या पायऱ्या मध्ये खोलगट झालेल्या असतात, तिथे पट्टीऐवजी सुताराकडून फळ्याच बदलून घ्याव्यात.

ज्या संस्था आत्ता पुनर्विकासाच्या उंबरठ्यावर आहेत, त्यांना तर ही पट्टी लावण्याची वेळच येऊ नये. विकासकाबरोबरच्या करारातील साहित्याच्या यादीत जिन्याच्या पायऱ्यांसाठी नुसते ‘ग्रॅनाइट’ असे लिहून घेऊ नका. ‘फ्लेम फिनिश किंवा लेदर फिनिश ग्रॅनाइट, प्रत्येक पायरीच्या कडेला यंत्राने कोरलेल्या खाचा, आणि प्रवेशद्वार व रॅम्पवर अँटी-स्किड लाद्या’ असे स्पष्ट लिहून घ्या. फ्लेम किंवा लेदर फिनिश म्हणजे चकचकीत पॉलिशऐवजी खडबडीत ठेवलेला पृष्ठभाग. दगड बसल्यावर ते बदलून घेणे जवळजवळ अशक्य असते.

आमच्या जिन्यावर पट्ट्या नीट लागल्या त्याला येत्या एप्रिलमध्ये एक वर्ष होईल. मधला पावसाळा त्यांच्यावरून गेला आणि 80 पैकी सहा पट्ट्या बदलाव्या लागल्या. आई आता काठी घेऊन दिवसातून एकदा खाली येते. उतरताना ती प्रत्येक पिवळ्या रेघेवर आधी काठी टेकते आणि मग पाऊल ठेवते.

आपल्या एप्रिलच्या सभेसाठी ठरावाचा मसुदा सोबत देत आहे. गरजेनुसार बदल करून घ्यावा.

“संस्थेच्या जिन्याच्या सर्व पायऱ्या, सर्व मजल्यांच्या चौकांच्या कडा आणि प्रवेशद्वाराजवळील पादचारी रॅम्प यांवर घसरणरोधक पट्ट्या 31 मेपूर्वी बसवून घेण्यात याव्यात, त्यासाठी पृष्ठभागाची सफाई, प्रायमर आणि सीलंट यांसह तीन दरपत्रके मागवावीत, खर्च दुरुस्ती-देखभाल निधीतून करावा, आणि पट्ट्यांच्या मासिक तपासणीची नोंद ठेवण्याची जबाबदारी समितीच्या एका सदस्याकडे नावानिशी देण्यात यावी, असे सर्वानुमते ठरले.”

आपली नम्र,
एका गृहनिर्माण संस्थेची सभासद
ठाणे जिल्हा